रविवार कुणाच्या मालकीचा?

इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, रविवारी माणसांना कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असाही सवाल टाकला. तेव्हापासून या विषयावर जे चाललंय त्याला वाद म्हणायचं तर म्हणा. एक बाजू जपान-जर्मनीचे दाखले देते, दुसरी हृदयविकाराचे. वाहिनीवर चार चौकटींत चार जण एकदम बोलतात, निवेदक जाहिरातीला जातो आणि पुढच्या उद्योगपतीने तोंड उघडेपर्यंत विषय थंड. मला यात खटकतं ते हे की दोन्ही बाजू हजेरीबुकातलेच तास मोजतायत. हजेरीबुकाबाहेरचा वेळ आपलाच आहे असं धरून दोघंही भांडतायत, आणि तिथेच सगळी गफलत आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कामाचे तास कायद्याने मर्यादित असायलाच हवेत, पण तेवढ्याने भागणार नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत फोनच्या वाटेने मालक, बँक आणि सरकार या तिघांनीही आपापलं काम आपल्या सुट्टीत ढकललंय. त्याचा मोबदला कुणी देत नाही आणि हिशेबही कुणी ठेवत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला 'सकाळपर्यंत जरा बघून घ्या' येतं. बँकेला दर काही वर्षांनी आपण कोण हे नव्याने जाणून घ्यायचं असतं. आधार-पॅन जोडा, फास्टॅगचं केवायसी करा, निवृत्तांनी हयातीचा दाखला द्या, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरा, फोटो ५० केबीच्या आत बसवा. हे सगळं करायचं कधी? रविवारी. म्हणून कमी तासांच्या मागणीबरोबरच उरलेल्या वेळेवर हक्क कुणाचा, हेही लिहून घ्यावं लागेल. आणि लिहून घेणं हे राजकारणाचं काम आहे, वेळेच्या नियोजनावरच्या व्याख्यानाचं नव्हे.

रविवार तरी आपल्याकडे आला कसा? मुंबईच्या गिरण्यांत १८८० च्या दशकात उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते, 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांची सभा भरवली आणि फॅक्टरी कमिशनपुढे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई, अशा मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्यांच्यापुढे दोन कामगार बायाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. (ही गोष्ट आता सुविचाराच्या चौकटीत बसवून फिरत असते आणि ती ऑफिसच्या ग्रुपवर हटकून रविवारीच येते. खाली साहेबांचा अंगठा, आणि त्याच्याखाली सोमवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन.) त्या अर्जाकडे नीट बघितलं की कळतं, लोखंड्यांनी नुसते तास मागितले नव्हते. दिवस सुरू कधी होणार, संपणार कधी आणि मधली विश्रांती किती, हे त्यांनी ठरवून मागितलं होतं. त्यांनी हद्द मागितली होती.

ती हद्द तंत्रज्ञानाने कशी मोडते, हेही याच गिरण्यांनी पाहिलेलं आहे. सूर्यास्त हीच नैसर्गिक मर्यादा होती तोवर मालकाची इच्छा असूनही अंधारात माग चालवता येत नव्हते. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. दिवे लागले आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली. १९०७-०८ मध्ये फॅक्टरी लेबर कमिशनने चौकशी केली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. विजेच्या दिव्यात काही दोष होता का? मुळीच नाही. त्याच दिव्याखाली पुढे चाळीतली पोरं अभ्यास करून शिकली. पण दिवा आल्यावर सूर्याने केलेलं काम कायद्याने करावं लागलं. आज खिशातल्या फोनने घर आणि ऑफिस यांच्यातलं अंतर पुसलंय, आणि त्या अंतराचं काम करणारा कायदा अजून आलेला नाही.

आता विरोधी बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं. डिजिटल कारभाराने वेळ वाचवला, खाल्ला नाही. हे खरं आहे आणि ते खळखळ न करता मान्य केलं पाहिजे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणं, वीजबिलाच्या रांगेत दुपार घालवणं, गावी जायच्या तिकिटासाठी पहाटे आरक्षणाच्या खिडकीपुढे पिशवी ठेवून नंबर लावणं, पासबुक भरून घ्यायला बँकेत ताटकळणं, यातलं काहीही रम्य नव्हतं. जुन्या रांगांचे गोडवे गाणाऱ्याने बहुधा त्या रांगेत दुसऱ्या कुणाला तरी उभं केलेलं असतं. भाजीवालीला यूपीआयने सुट्ट्या पैशांच्या कटकटीतून सोडवलं, आणि तालुक्याला न जाता उतारा मिळतो हे शेतकऱ्याला विचारा.

पण रांगेत एक गोष्ट होती जी स्क्रीनमध्ये नाही. रांग सगळ्यांना दिसत असे. खिडकी अकराला उघडली नाही तर पन्नास माणसं एकमेकांकडे बघत, मग एखादा आवाज चढवी, दुसरा त्याला दुजोरा देई, कुणी जाऊन पक्षाच्या शाखाप्रमुखाला नाहीतर नगरसेवकाला घेऊन येई. कधी दांडगाई होई, हेही खरं. तरी गैरसोय सार्वजनिक होती, म्हणून तिचा प्रश्न होऊ शके. आता 'सर्व्हर डाउन' एकाच वेळी लाखभर लोकांना दिसतं, पण प्रत्येकाला एकट्याला, आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर. प्रत्येकाला वाटतं आपल्याच नेटला रेंज नाही, आपल्यालाच हे जमत नाही. साठीच्या पुढची माणसं तर उघड म्हणतात, 'आम्हाला यातलं काही कळत नाही.' बिघाड व्यवस्थेचा आणि शरम माणसाला. रांग संपली नाही; ती घराघरांत वाटली गेली आणि तिच्यातला आवाज तेवढा गेला.

एखाद्या रविवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बघा. आमच्या भागातलं दुकान दोन माणसं मावतील एवढं आहे आणि बाहेर फुटपाथवर बाया बसलेल्या असतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक. धुणीभांडी करणाऱ्यांना सुट्टी असलीच तर हीच एक. कुठल्याशा योजनेचं ई-केवायसी चालू होतं. दुकानातल्या पोराने आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा टेम्पो घेऊन हायवेला. बाई फोनवर ओरडतेय, 'आला का मेसेज? सहा आकडे आहेत, वाचा.' पलीकडून, 'गाडी चालवू का आकडे वाचू?' त्याने गाडी बाजूला घेऊन आकडे वाचले तेव्हा मुदत संपलेली. 'मावशी, परत पाठवतो, त्यांना फोन ठेवू नका म्हणावं.' परत पाठवला, तर साइट फिरत राहिली. पोरगा म्हणाला, 'संध्याकाळी या, रात्री जरा फास्ट चालतं.' पन्नास रुपये तिने आधीच दिलेले होते. ती उठली, आणि पुढची सरकून तिच्या जागी बसली.

यातलं काही अपवादात्मक नाही. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीचं झालं, तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागितला गेला. ज्या बाईला दोघंही नाहीत तिने काय करायचं, हे नंतर सुचलं. १८ नोव्हेंबरची मुदत मग ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. बोगस लाभार्थी शोधायला नकोत का? जरूर शोधा, पैसा जनतेचा आहे. पण तपासणीचं काम सरकारचं होतं आणि ते महाराष्ट्रातल्या बायांनी आपल्या वेळात, आपल्या खर्चाने, बुडालेल्या रोजंदारीवर केलं. ऑडिट करणाऱ्याला पगार असतो. इथे ज्यांची तपासणी झाली त्यांनीच तपासणीची हमाली केली, आणि तरी बातमी झाली ती 'मुदत वाढवून दिलासा' अशी.

आणि राजकारण? ज्याने या असल्या तक्रारी उचलायच्या तो खालचा थर नेमका याच काळात गायब होता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सगळ्यांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. राज्यातल्या इतर बऱ्याच शहरांतही हेच. गटार तुंबलं तर माणसाने जायचं कुणाच्या दारात? तक्रार अ‍ॅपवर नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. चार दिवसांनी संदेश येतो, 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.' गटार तिथेच. अ‍ॅपला पुन्हा निवडून यायचं नसतं, ही त्याची मोठी सोय. त्याच चार वर्षांत मोठं राजकारण मात्र चोवीस तास आपल्या हातात होतं. कोण कुठल्या गटात गेला, चिन्ह कुणाचं, कोण गुवाहाटीत आणि कोण न्यायालयात. जेवताना, लोकलमध्ये, झोपताना आपण ते बघितलं, त्यावर भावकीच्या ग्रुपवर भांडलो, दोन-तीन नातेवाइकांना म्यूट केलं आणि त्यालाच राजकारणात रस असणं म्हणालो. ज्या राजकारणात आपला हात पोचत नाही ते फुरसत खात राहिलं, आणि जिथे हात पोचला असता ते बंद होतं.

दुसरा आक्षेप असा की वेळ नाही म्हणता, मग रील्स कोण बघतं? आक्षेपाला आकड्यांचा आधार आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात मनोरंजन, माध्यमं, खेळ आणि सांस्कृतिक गोष्टींवर जाणारा दिवसाचा वाटा ११ टक्के निघाला. २०१९ मध्ये तो ९.९ टक्के होता. म्हणजे फुरसत वाढली, रडता कशाला? इथे मला गिरणीमालकांची आठवण येते. शंभर वर्षांपूर्वी कमिशनपुढे त्यांचाही बचाव हाच होता की कामगार कामाच्या वेळेत रेंगाळतो, विडीला जातो, आवारात वेळ काढतो; तास जास्त दिसले तरी खरं काम कमीच होतं. तेरा तास मागावर उभा ठेवलेला माणूस रेंगाळणारच, हे त्यांना दिसत नव्हतं. तुटक्या वेळाचं असंच असतं. दहा मिनिटं इथे, सात मिनिटं तिथे, मध्ये ओटीपी, मध्ये साहेबांचा मेसेज. या तुकड्यांत तालीम होत नाही, कबड्डीचा सराव होत नाही, ग्रंथालयात बसून कादंबरी संपत नाही. तुकड्यात मावतं ते रील. गिरणगावात भजनी मंडळं, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी उभी राहिली, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लालबावटा कलापथकाला हजारोंचा श्रोता मिळाला, याचं एक कारण रविवार अखंड होता हेही आहे. रील बघणाऱ्याला आळशी म्हणायच्या आधी त्याला सलग तीन तास देऊन बघा. तरीही रीलच बघेल? बघू दे. फुरसत चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून द्यायची नसते.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा या चर्चेत फारसा येत नाही. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. बायकोकडे किती वेळ बघणार, असं विचारणाऱ्याला बायको त्या वेळात काय करत असते हा प्रश्न पडलेला दिसत नाही. ७० तासांचा नवरा उभा राहतो तो या पावणेपाच तासांच्या जोरावर. आणि नोकरी करणाऱ्या बाईचे ७० तास कुठून काढायचे, हे कुणी कागदावर मांडून दाखवावं.

उरतो देशाचा मुद्दा. देश गरीब आहे, चीन पुढे आहे, एका पिढीने खस्ता खाल्ल्याशिवाय गत्यंतर नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो पूर्वीही मांडला गेला होता आणि मांडणारे लोक लहान नव्हते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता: मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा नको म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीमालक कायद्यासाठी जोर लावत होते. भारतीय कामगाराच्या आरोग्याची त्यांना अचानक काळजी वाटू लागली होती, असं कोण मानेल? तरीही गिरणीतल्या सात-आठ वर्षांच्या पोराला तासांची मर्यादा लागली ती त्याच कायद्याने, आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या बुडाल्या नाहीत, वाढल्या. १९४६ मध्ये आठवड्याचे ४८ तास झाले, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळत असतानाच त्याची पायाभरणी झाली होती. देशासाठी म्हणून जे मागितलं जातं ते दरवेळी देशाला मिळतंच असं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

जर्मनीचा दाखला तर उलटाच पडतो. युद्धात बेचिराख झालेला पश्चिम जर्मनी उभा राहत होता त्याच वर्षांत, १९५६ च्या कामगार दिनाला, तिथल्या कामगार महासंघाने एक भित्तिपत्रक काढलं. त्यावर एक लहान मुलगा आणि वाक्य असं की शनिवारी बाबा माझे. तेव्हा तिथे सहा दिवसांचा, ४८ तासांचा आठवडा होता. १९६७ पर्यंत धातू उद्योगात तो ४० तासांवर आला. ज्या चमत्काराची गोष्ट आपल्याला सांगितली जाते तो चमत्कार तास कमी होत असताना घडला. यंत्रं, प्रशिक्षण, संघटनांशी वाटाघाटी, या गोष्टी दाखला देताना गळतात आणि घाम तेवढा शिल्लक राहतो.

ज्यांना रविवारच नाही त्यांचं काय, असा एक प्रश्न डावीकडून येतो आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. दुधाची म्हैस वार बघत नाही. रिक्षावाला रविवारी जास्त धंदा करतो. आपण सुट्टीच्या दिवशी मागवलेली बिर्याणी आणणाऱ्या पोराचा रविवार आपणच खाल्लेला असतो. मग ही सगळी खुर्चीवर बसणाऱ्यांची तक्रार का? काही अंशी हो. पण लोखंड्यांचे गिरणी कामगारही तेव्हाच्या कष्टकऱ्यांत मूठभरच होते. शेतमजूर त्यांच्या कितीतरी पट. मूठभरांनी मिळवलेली हद्द पुढे दुकानांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत पसरली. शिवाय ई-केवायसीचा जाच म्हैसवाल्याला आणि बिर्याणीवाल्या पोराला खुर्चीवाल्यापेक्षा जास्तच आहे. इथे दोघांचं दुखणं एकच निघतं.

म्हणून मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे वेळेला किंमत असते हे सरकारने तत्त्वतः मान्य केलेलं आहे, फक्त नागरिकाचा वेळ त्या हिशेबात धरलेला नाही. तो धरा. एका खात्याला दिलेला कागद दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायचा नाही. साइट बंद असलेले दिवस मुदतीत मोजायचे नाहीत. ऑनलाइन ज्याला जमत नाही त्याच्यासाठी एक खिडकी आणि खिडकीमागे एक माणूस ठेवायचा, विनाशुल्क. यातलं एकही कलम क्रांतिकारक नाही आणि एकाही जाहीरनाम्यात मला ते दिसलेलं नाही.

मालकाच्या मेसेजांचं काय? कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये. पण संसदेत खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाला तो शेवटचा १९७० मध्ये, त्यामुळे त्या वाटेवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. वाट मुंबईतूनच जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर, कारखान्यांतली ९ वरून १२ तासांवर आणि तिथल्याच तिमाहीच्या ओव्हरटाइमची ११५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. सोबत सांगितलं की कामगाराची लेखी संमती लागेल आणि जादा कामाला दुप्पट पगार मिळेल. कंत्राटावरचा माणूस संमतीच्या कागदावर सही करायला नकार कसा देतो, हे मला बघायचंय. पण त्यातली दुप्पट पगाराची भाषा उपयोगाची आहे. रात्री साडेदहाचा मेसेजही ओव्हरटाइमच धरा, दर दुप्पट, आणि नोंद त्याच फोनमध्ये वेळेसकट आयती पडलेली आहे. तास वाढवण्यासाठी कायदा उघडता येतो, तर त्यात एवढं एक पोटकलम घालायला किती आमदार तयार आहेत, ते एकेकाला नाव घेऊन विचारलं पाहिजे.